रंगानंतरचे कसब : प्रस्तावना

मोटारीवर रंगाचा शेवटचा हात बसला की रंगाऱ्याचे काम संपले, असा जो समज गाडीच्या मालकांत सार्वत्रिक आहे आणि हे काम शिकू पाहणाऱ्या पुष्कळ उमेदवारांतही आहे, तो दूर व्हावा एवढ्या मर्यादित हेतूने प्रस्तुत पुस्तक लिहिले गेले आहे. गनमधून तुषाररूपाने निघालेला रंग पत्र्यावर पडतो, पसरतो आणि सुकतो. परंतु तो पुरता समतल होण्याच्या आतच त्यातले थिनर उडून गेलेले असल्यामुळे त्याच्या पृष्ठावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचसखलपण राहून जाते, हवेतला कचरा बसून जागोजागी दाणा उठतो, आणि कारागिराचा हात जरा जड पडला असेल तर उभ्या दारावर ओघळही उतरतो. हे दोष भिजविलेल्या बारीक पाणी पेपरने घासून काढावयाचे, घासल्यामुळे आलेला धुरकटपणा कंपाउंडने नाहीसा करावयाचा, आणि शेवटी पॉलिशने त्या पृष्ठाला आरशाची कळा आणावयाची, हे या पुस्तकाचे क्षेत्र होय. क्षेत्र लहान आहे खरे. पण गाडी ताब्यात घ्यावयास आलेला मालक पहिली नजर टाकतो ती नेमकी याच कामावर, आणि त्या नजरेवरच पुष्कळदा सगळ्या बिलाचा निकाल लागतो.

लेखकाने हे कसब आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत, म्हणजे मंचर, घोडेगाव, नारायणगाव, आळेफाटा या टापूत आत्मसात केले, आणि पुस्तकाचे लेखनही त्याच भूमीवर पाय रोवून झालेले आहे. पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या डेंटिंग-पेंटिंगच्या गाळ्यांत जी वाहने येतात त्यांची जातकुळी मोठी विविध असते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोहोचविणारी पिकअप असते. पाडव्याला त्याच गावी सुपाऱ्या घेऊन गावोगावच्या जत्रा करणाऱ्या तमाशाच्या फडांचे, अंगभर अक्षरे मिरविणारे ट्रक असतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकराचा घाट चढून आलेल्या, बंपरवर दगडाचे टवके आणि दारावर लाल चिखलाचे ओरखडे घेऊन परतलेल्या भाविकांच्या गाड्या असतात. आणि अलीकडे चाकणच्या नोकरीतून हप्त्याने घेतलेली नवी कोरी मोटारही असते. पिकअपच्या धन्याला रंग टिकण्याशी काम, फडाच्या मालकाला अक्षर उठून दिसण्याशी काम, आणि नव्या मोटारीच्या मालकाला मात्र दुरुस्त केलेले दार शेजारच्या दारापासून वेगळे ओळखू येता कामा नये. एकाच मिस्त्रीने या तिघांचे समाधान एकाच रीतीने करू जाणे म्हणजे कामाचा विचार न करणे होय, हे सूत्र लेखकाने पहिल्यापासून धरून ठेवले आहे आणि मला ते सर्वस्वी मान्य आहे.

चमक म्हणजे काय, हा या विषयाचा मूलभूत प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी जुन्नर तालुक्याची शीव ओलांडण्याचे कारण पडत नाही. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली खोडद गावी आणि त्याच्या परिसरात जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली गेली, तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर असून त्या भरीव पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत, आणि जाळीची छिद्रे १० ते २० मिलीमीटर आहेत. एवढी भोके असलेली वस्तू आरसा कशी होऊ शकेल, अशी शंका रस्त्याने जाणाऱ्याला येणे साहजिक आहे. परंतु वीसेक सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांबीच्या ज्या लहरी तिने टिपावयाच्या, त्यांच्या हिशेबी ती जाळी उत्तम गुळगुळीतच ठरते. म्हणजे गुळगुळीतपणा हा पृष्ठाचा एकट्याचा गुण नव्हे. पृष्ठावरची खरखर आणि त्यावर पडणारी लहर यांच्यामधले ते प्रमाण आहे. दृश्य प्रकाशाच्या लहरी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीच्या, आणि २००० नंबरच्या पाणी पेपरवरचा एकेक कण सुमारे १० मायक्रॉनचा. अशा कणाने पाडलेला ओरखडा बोटाला मुळीच लागत नाही, पण प्रकाश त्यात अडखळतो, दाही दिशांना विखुरतो, आणि बोटाला लोण्यासारखे लागणारे बॉनेट डोळ्याला राखेसारखे दिसते.

संत्र्याच्या सालीचा दोष याहून निराळ्या जातीचा आहे आणि दोहोंतला भेद ध्यानात न आल्यामुळेच नवशिके फसतात. ती साल म्हणजे मोठ्या, सौम्य उतारांच्या लाटा. त्यांच्या अंगावर चमक पूर्ण असते, परंतु छपरातल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्यात सरळ न पडता वेडेवाकडे तरळते. घासाईने लाट जाते आणि धूसरपणा येतो. पॉलिशने धूसरपणा जातो, परंतु लाट जशीच्या तशी राहते. म्हणून अर्धवट घासून जोरात बफ मारणारा कारागीर चमकदार पण वाकडे पृष्ठ हाती घेऊन बसतो, आणि दोष कंपाउंडच्या डब्याला देतो. घासाई पूर्ण झाली की नाही हे ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. पाणी रबराच्या पट्टीने ओढून टाकावे. सगळे पृष्ठ सारखे पांढुरके दिसले तर लाट संपली, आणि त्या पांढुरकेपणात मधूनमधून चमकते ठिपके दिसले तर ते ठिपके म्हणजे कागद अजून न पोहोचलेले खळगे.

घासण्या-घोटण्याचा वारसा या टापूला नवा नाही. जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत मान्यता पावलेला होता, आणि तो करणारे कागदी लोक कागदाला खळ देऊन, वाळवून, मग गुळगुळीत दगडाने घोटून लेखणीला अडविणारी त्याची खरखर घालवीत असत. मोटारीच्या रंगाशी या हुन्नराचा वंशसंबंध जोडण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे, कारण कागद घोटताना त्याचे तंतू दाबून बसविले जातात, आणि रंग घासताना त्याचा अंश कायमचा निघून जातो. बाजारात मिळणारी काही हलकी पॉलिशे हा नियम चुकवू पाहतात. ती ओरखडे काढीत नाहीत, तेलाने आणि मेणाने भरून झाकतात, आणि दोन-चार धुण्यांनंतर ओरखडे पुन्हा उन्हात उभे राहतात.

या विद्येचा इतिहास रंगाच्या इतिहासाबरोबरच सरकत आलेला आहे. घोडागाडीच्या काळातला रंगारी तेलाच्या व्हार्निशचे हातावर हात देई, प्रत्येक हात कित्येक दिवस सुकू देई, आणि मधल्या थरांना प्यूमिस दगडाच्या पुडीने पाणी लावून घाशी. एका उंची गाडीचे रंगकाम त्यामुळे आठवडेच्या आठवडे चाले. मोटारींचे उत्पादन हजारांच्या संख्येने होऊ लागताच हा शिरस्ता परवडेनासा झाला. पहिल्या महायुद्धासाठी नायट्रोसेल्युलोज बनविणारे जे कारखाने अमेरिकेत उभे राहिले होते, त्यांच्या रसायनविद्येतूनच लवकर सुकणारे लॅकर निघाले, आणि १९२४ साली ओकलंड कंपनीच्या मोटारींवर ड्यूपाँ या रसायन कंपनीचे ‘ड्यूको’ लॅकर चढल्यावर आठवड्यांचे काम दिवसांवर आले. तो शब्द आपल्याकडे इतका रुळला की ज्याने ड्यूपाँचे नाव कधी ऐकले नाही असा सुतारही आज कपाटाला ‘ड्यूको’ मारून देतो. परंतु लॅकर गनमधून निघाले की मंद दिसे. त्याची चमक घासून आणि पॉलिश करूनच बाहेर काढावी लागे. म्हणजे पूर्वी जे काम मधल्या थरांपुरते होते ते या काळात शेवटच्या थरावर येऊन बसले, आणि रंगकामाचा अविभाज्य भाग झाले.

नेमक्या त्याच सुमारास पाणी पेपरही आला, ही गोष्ट योगायोगाची असली तरी मोठ्या परिणामाची ठरली. सिलिकॉन कार्बाइड हा कृत्रिम, अतिशय कठीण पदार्थ एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१ मध्येच सिद्ध केला होता. पण पाण्यात न विरघळणाऱ्या बंधकाने तो कागदावर बसविण्याची युक्ती फ्रान्सिस ओकी नावाच्या, धंद्याने छपाईची शाई बनविणाऱ्या फिलाडेल्फियाच्या गृहस्थाला सुचली. त्याने थ्री-एम कंपनीला पत्र लिहून कणांचे नमुने मागितले. शाईवाल्याला घासण्याचे कण कशासाठी हवेत, या कुतूहलातून कंपनीने त्याचा शोध घेतला, त्याची युक्ती विकत घेतली, आणि १९२१ साली ओला करून वापरावयाचा कागद बाजारात आणला. त्या काळच्या रंगांत शिशाचे प्रमाण भरपूर असे आणि कोरड्या घासाईची धूळ कारागिराच्या छातीत जाई. पाण्याने ती धूळ जागच्या जागी बसविली. मला व्यक्तिशः या सबंध इतिहासात ड्यूकोपेक्षा हा शाईवाला अधिक मोठा वाटतो.

आपल्या प्रांतात हे सारे मुंबईच्या मार्गाने आले. १९२० साली लोअर परळला निघालेला आणि पुढे नेरोलॅक या नावाने प्रसिद्ध झालेला रंगाचा कारखाना, १९४२ साली गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी सुरू केलेली एशियन पेंट्स, आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा मोटारींचा कारखाना, एवढी नावे पुरेत. कुर्ल्याच्या फियाट गाड्यांवर हात बसलेल्या रंगाऱ्यांची एक अख्खी पिढी मुंबई-पुण्यात तयार झाली, आणि तिच्यातलेच काही जण पुढे गावाकडे परतून आपापला गाळा टाकून बसले. आमच्या भागातल्या कित्येक वस्तादांची गुरुपरंपरा अशीच मुंबईपर्यंत जाऊन पोहोचते. एस.टी.च्या दापोडीच्या कर्मशाळेतले रंगकाम ही त्याच काळातली दुसरी शाळा, पण तिथला कायदा निराळा; बसला इनॅमल मारावयाचे ते टिकण्यासाठी, आणि पॉलिशचा प्रश्नच उद्भवत नाही.

खरा पालट झाला तो टू-के रंग आणि त्यापाठोपाठ बेसकोट-क्लिअरकोटची पद्धत आली तेव्हा. लॅकर केवळ थिनर उडून सुकते. टू-केमध्ये हार्डनरशी रासायनिक संयोग होऊन थर घट्ट होतो. त्यातही धातूच्या कणांचा रंग खाली आणि त्यावर पारदर्शक क्लिअर, अशी रचना झाल्यावर घासाईचा सगळा व्यवहार त्या एका पारदर्शक थराच्या जमाखर्चावर येऊन ठेपला. क्लिअरची जाडी साधारणतः ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या पानाहूनही कमी. लाट काढताना बेताने काम केले तरी त्यातले पाच-दहा मायक्रॉन जातात, कंपाउंड आणखी थोडे नेते. आणि उन्हातल्या अतिनील किरणांना अडविणारे द्रव्य याच थरात असल्यामुळे, जो मिस्त्री चमकेच्या नादाने निम्मा थर पाण्याबरोबर वाहू देतो तो गाडी सुंदर करून देतो खरा, परंतु तिचे आयुष्य कापून. कडा आणि पत्र्याच्या घड्या या ठिकाणी तर थर मुळातच पातळ बसतो. तेथे बफ दोन क्षण अधिक थांबला की खालचा रंग उघडा पडतो, आणि मग ते दार पुन्हा रंगविण्यावाचून गत्यंतर राहत नाही. जुन्या लॅकरवर शिकलेल्या हातांना ही काटकसर जड जाते, कारण त्यांच्या काळी थर हवे तितके चढविता येत आणि चुकलेला भाग त्याच रंगाने सहज मिळवून घेता येई.

या पालटातूनच आजचे पंथ निघाले आहेत. जुने वस्ताद अजूनही सगळी गाडी घासल्याशिवाय ती पूर्ण झाली असे मानीत नाहीत. त्यांच्या विरुद्ध बाजूला गनचा अभिमान बाळगणारे; रंगाचा पातळपणा, हवेचा दाब आणि हाताचे अंतर बरोबर साधले तर घासण्याची पाळीच येत नाही, ज्याला पाणी पेपर लागतो त्याला गन धरता येत नाही, असे ते बिनदिक्कत सांगतात. तिसरा पंथ अलीकडचा, शहरातून आलेला. तो १५०० नंबरच्या कागदापासून ३००० पर्यंत पायरीपायरीने संपूर्ण पृष्ठ सपाट करून त्यात आकाशातले ढग दाखवितो, आणि त्याचे दरही आकाशालाच भिडलेले असतात. मोठ्या कारखान्यांचा मार्ग या तिघांहून वेगळा आहे. तेथे झगझगीत दिव्यांखाली गाडी तपासून फक्त दाणा असेल तेवढीच, नाण्याएवढी जागा घासतात आणि पॉलिश करतात. सालीचा सौम्य अंश सगळ्या गाडीवर सारखा असेल तर तो दोष समजत नाहीत. लेखकाचा कौल प्रसंगानुसार बदलतो, पण अपघातात दुरुस्त झालेल्या नव्या मोटारीच्या बाबतीत तो ठामपणे कारखान्याच्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण पटण्यासारखे आहे. एकच दार काचेसारखे सपाट केले आणि बाकीच्या गाडीवर कारखान्याची साल तशीच राहिली, तर ते निर्दोष दारच गाडीच्या अपघाताची चुगली करते.

स्थळकाळाचा विचार या पुस्तकात जितका आला आहे तितका परदेशी पुस्तिकांत येणे शक्यच नव्हते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस भीमाशंकराच्या माथ्यावर वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेस शेतकरी ढगांकडे डोळे लावून बसतो; घोडेगावच्या गाळ्यात आषाढात जी हवा असते ती मंचरच्या गाळ्यात नसते. दमट हवेत लॅकर पांढुरके पडते, कंप्रेसरच्या नळीत पाणी साठून रंगात फोड उठतात. उलट चैत्रात थिनर इतके झपाट्याने उडते की रंगाला पसरावयास सवड मिळत नाही आणि साल दुणावते. पौषातल्या थंडीत टू-के क्लिअर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. ताज्या रंगाला कागद केव्हा लावावा, या प्रश्नाचे उत्तर डब्यावरच्या तासांत शोधण्याऐवजी आडजागी नख दाबून पाहून ठरवावे, हा लेखकाचा सल्ला म्हणूनच योग्य आहे. घाई केली तर आत कोंडलेले थिनर नंतर उडते, थर खाली बसतो, आणि गाडी मालकाच्या दारात उभी असताना पुसलेले ओरखडे पुन्हा वर येतात. अतिविलंब केला तर क्लिअर इतके कठीण होते की निम्मा दिवस हात मोडून घ्यावा लागतो.

हे पुस्तक आजच का हवे होते, याचे उत्तर चाकणला मिळते. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीझ, पाठोपाठ महिंद्र यांचे कारखाने तेथे सुरू झाले, आणि सुमारे १४० अंशांवर भाजलेले, कठीण क्लिअर ल्यालेल्या गाड्या रस्त्यावर वाढल्या. त्याच गाडीचे एखादे दार गाळ्यात हवेवर सुकवून रंगविले की तिच्या अंगावर दोन निरनिराळ्या काठिण्यांचे थर शेजारी नांदू लागतात, आणि एकाच पॅडने, एकाच कंपाउंडने दोहोंना सारखा न्याय मिळत नाही. ही माहिती इंग्रजी पत्रकांत आहे. दहावीनंतर गाळ्यात आलेल्या मुलापर्यंत ती मराठीतून कोणी नेलेली नव्हती. दुसरे कारण प्रकृतीचे. टू-केच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दम्याचा कायमचा विकार जडू शकतो, आणि तोंडाला रुमाल बांधून त्याला अटकाव होत नाही. शिशाची मर्यादा घालणारे २०१६ चे सरकारी नियम घरगुती रंगांपुरते आहेत. जुन्या गाडीवरचा शिसेयुक्त पिवळा रंग कोरडा घासणाऱ्या पोराला त्यांचा आधार नाही. लेखकाने या बाबींवर जी कडक भाषा वापरली आहे ती काहींना खटकेल, मला ती अजून कमी वाटते.

पुस्तकाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाण्यावर आधारलेल्या नव्या बेसकोटविषयी लेखकाने हात आखडता घेतला आहे, आणि यंत्राच्या बफविषयी त्याचा जो अविश्वास ठिकठिकाणी प्रकट होतो तो मला थोडा जुनाट वाटतो. हलका, दुहेरी गतीचा बफ नवशिक्याच्या हातात जुन्या गोल फिरणाऱ्या यंत्राहून कितीतरी सुरक्षित असतो. मात्र कागद भिजविण्यापासून बादलीतले पाणी बदलण्यापर्यंतचा तपशील इतक्या निष्ठेने लिहिलेला मी अन्यत्र वाचलेला नाही, आणि तोच या ग्रंथाचा कणा आहे.

वाचकांना दोन विनंत्या. ज्यांनी पाणी पेपर कधी हाती धरला नाही त्यांनी पहिला प्रयोग स्वतःच्या गाडीवर करू नये. भंगारवाल्याकडे जुने बॉनेट मिळते, त्यावर क्लिअर मारावे, घासून पाहावे, आणि खालचा रंग उघडा पडेपर्यंत मुद्दाम घासावे, म्हणजे थर किती असतो हे हाताला कळेल. आणि जे या धंद्यात मुरलेले आहेत त्यांनी पुस्तकात जेथे आपल्या अनुभवाशी विरोध दिसेल तेथे ऋतू, रंगाचा प्रकार आणि कागदाचा नंबर नमूद करून लेखकाला कळवावे. दुसऱ्या आवृत्तीत अशा सूचनांचा विचार करण्याचे त्याने कबूल केले आहे.